माहिती आपली, दुरुस्ती कोणाच्या हाती?

जानेवारी २०२५ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या पीएफ ऑफिसने, सदस्यांच्या तक्रारींबद्दल एक आकडा जाहीर केला. एकूण तक्रारींपैकी सुमारे २७ टक्के तक्रारी प्रोफाइल आणि केवायसी यांच्याशी संबंधित होत्या. कोणाचे नाव चुकलेले, कोणाच्या वडिलांचे. कोणाची जन्मतारीख जुळत नाही, तर कोणाच्या नोकरी सोडल्याच्या तारखेचा पत्ता नाही. पडद्यावर हे काम दोन मिनिटांचे दिसते. चुकीचे खोडायचे, बरोबर लिहायचे, सेव्ह करायचे. पण त्याच निवेदनात पुढे असेही होते की २०२४-२५ मध्ये कंपन्यांमार्फत आलेल्या सुमारे ८ लाख दुरुस्ती अर्जांपैकी ४० टक्केच पाच दिवसांच्या आत पुढे सरकले, ४७ टक्क्यांना दहा दिवसांहून अधिक लागले, आणि कंपनीकडे एका अर्जाचा मुक्काम सरासरी २८ दिवसांचा होता.

यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. या चुका बहुतांशी कर्मचाऱ्याने केलेल्याच नव्हत्या. नोकरीला लागताना कंपनीच्या कार्यालयात कोणीतरी घाईत नोंद केली, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले, वैवाहिक स्थितीच्या रकान्यात भलताच पर्याय पडला. चूक दुसऱ्याची, ती दुरुस्त करण्यासाठी खेटे मात्र ज्याचा पैसा आहे त्याने घालायचे, आणि तेही जिने चूक केली त्याच कंपनीची संमती मिळवण्यासाठी.

जानेवारी २०२५ च्या सुधारणेने नेमके इथे बोट ठेवले. ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारशी जुळवून मिळालेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व, आईवडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, जोडीदाराचे नाव, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख स्वतःच बदलण्याची मुभा मिळाली. कागद अपलोड करणे नाही, कंपनीची संमती नाही, पीएफ ऑफिसची मंजुरी नाही. त्याआधीचा यूएएन असलेल्यांना आधार पडताळणी झालेली असेल तर कंपनीची संमती पुरेशी ठरली. ज्यांचा यूएएन आधारशी जोडलेलाच नाही, त्यांची कागदी वाट मात्र तशीच राहिली.

या सुधारणेत बटणांचा आकार किंवा पानाची सजावट हा मुद्दाच नव्हता. मधले दोन मंजुरीदार बाजूला झाले, एवढेच. वेबसाइटवर नव्याने आलेल्या माणसाला प्रोफाइल भरणे आणि बदलणे सोपे कसे करावे, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर पुष्कळ काम झाले आहे. ते नजरेखालून घातले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. नवखा माणूस अडखळतो तो बटण सापडत नाही म्हणून क्वचित. बहुतेकदा अडखळतो तो फॉर्म बनवणाऱ्याने त्याच्याविषयी जे गृहीत धरले आहे, त्याला.

प्रोफाइल भरणे ही एके काळी हौसेची गोष्ट होती. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट भारतात, विशेषतः कॉलेजच्या मुलामुलींत, झपाट्याने पसरले. त्याच्या प्रोफाइलमध्ये सामाजिक, व्यावसायिक, वैयक्तिक असे विभाग होते आणि ज्यांच्यावाचून राहवत नाही अशा पाच गोष्टींपासून कितीतरी प्रश्न होते. लोक ते आवडीने भरत, कारण ते भरले नाही तरी काही अडत नसे. त्याच सुमारास अमेरिकेत जोरात असलेल्या मायस्पेसने तर आणखी मोकळीक दिली. सदस्य आपल्या पानात थेट एचटीएमएल लिहू शकत. पानाची पार्श्वभूमी बदलता बदलता कित्येक शाळकरी मुले संकेतलेखनाचे पहिले धडे शिकली.

त्या मोकळिकीची दुसरी बाजू ऑक्टोबर २००५ मध्ये दिसली. सॅमी कमकार नावाच्या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये असा कोड घातला की ते पान उघडणाऱ्याच्या प्रोफाइलमध्येही तो आपोआप उतरे आणि सॅमी त्याच्या मित्रयादीत जाई. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइल त्याच्या विळख्यात आली आणि मायस्पेसला साइट काही काळ बंद ठेवावी लागली. तेव्हापासून प्रोफाइलचे पान म्हणजे ठरावीक रकाने आणि ठरावीक पर्याय, असा शिरस्ता पक्का होत गेला. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण रकाने ठरवणारा कोण, हा प्रश्न त्यातूनच जन्माला आला.

रकाने किती असावेत, याचे उत्तर धंद्यातल्या लोकांना पैशाच्या भाषेत मिळाले. वापरसुलभतेचे अमेरिकी अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकिगत लिहिली. दुकानाचे नाव त्यांनी दिले नाही. खरेदीच्या शेवटी गिऱ्हाइकाला आधी नोंदणी करावी लागे. नवखे लोक वैतागून निघून जात. जुने लोक तरी सुखी होते का? ४५ टक्के गिऱ्हाइकांची त्या दुकानात एकाहून अधिक खाती निघाली, कारण आपण कोणत्या ईमेलने नोंदणी केली हेच त्यांना आठवत नसे. शेवटी नोंदणीचे बटण काढून तिथे ‘पुढे चला’ अशा अर्थाचे बटण ठेवले आणि खाते उघडायची गरज नाही अशी एक ओळ लिहिली. पूर्ण होणाऱ्या खरेदीत ४५ टक्के वाढ झाली, आणि स्पूल यांच्या हिशेबाने पहिल्या वर्षात दुकानाला ३० कोटी डॉलर जास्त मिळाले.

एक्स्पीडिया या प्रवास कंपनीचे उदाहरण तर एकाच रकान्याचे आहे. त्यांच्या फॉर्ममध्ये नावाखाली ‘कंपनी’ असा ऐच्छिक रकाना होता. काहींना वाटले, कार्ड ज्या बँकेचे तिचे नाव विचारले आहे. त्यांनी बँकेचे नाव लिहिले, मग ओघाने पुढे पत्ताही बँकेचाच लिहिला, आणि पत्ता न जुळल्याने व्यवहार फसला. २०१० मध्ये कंपनीने सांगितल्याप्रमाणे, तो रकाना काढून टाकल्यावर वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा फायदा झाला. ऐच्छिक रकाना निरुपद्रवी असतो, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

सर्वांत कमी विचारणाऱ्या साइट्समध्ये विकिपीडिया येतो. खाते उघडायला नाव आणि पासवर्ड पुरतो. ईमेल दिला तर दिला. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावरही हेच आहे. सदस्याचे स्वतःचे पान कोरे असते, त्याचा दुवा लाल दिसतो आणि ते कधीच न लिहिता वर्षानुवर्षे लेखांवर काम करणारे सदस्य आहेत. अडचण वेगळी होती. इतक्या मोकळ्या जागेत आल्यावर करायचे काय, हे नवख्याला कळत नसे. म्हणून २०१९ पासून विकिमीडियाने नव्या सदस्यांसाठी वेगळे मुखपृष्ठ आणले. त्यावर सोपी कामे सुचवलेली असतात आणि शंका विचारायला एका अनुभवी सदस्याचे नाव दिलेले असते. फॉर्ममध्ये मदतीचे प्रश्नचिन्ह ठेवणे वेगळे आणि विचारायला माणूस देणे वेगळे. दुसरी गोष्ट फार थोड्या साइट्सना सुचली.

आता नावाकडे वळू. प्रोफाइलमधला हा पहिला रकाना, आणि सर्वांत अवघडही हाच.

पाश्चात्त्य फॉर्मला नाव आणि आडनाव एवढेच ठाऊक. मराठी माणसाच्या नावात मध्ये वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव येते. ते पहिल्या रकान्यात जोडायचे की दुसऱ्या, यावर घरोघरी वेगळे निर्णय झालेले असतात. म्हणून एकाच माणसाचे नाव पॅनवर एक, पासबुकावर दुसरे आणि आधारवर तिसरे असते. त्यात महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असेल. निर्णय स्वागतार्ह आहे. पण तीन रकाने गृहीत धरून बांधलेल्या प्रत्येक साइटला आता चौथ्याची तजवीज करावी लागणार, आणि ती वेळेवर झाली नाही तर ही मुले शाळेत जातील तेव्हा आईचे नाव कुठे कोंबायचे हा प्रश्न पालकांपुढे येईल.

तेव्हा जपानमध्ये राहणारे अमेरिकी प्रोग्रॅमर पॅट्रिक मॅकेन्झी यांनी २०१० मध्ये नावांविषयी प्रोग्रॅमर मंडळी बाळगतात त्या ४० चुकीच्या समजुतींची यादीच केली. प्रत्येकाला एकच पूर्ण नाव असते, नावे बदलत नाहीत, नावे ठरावीक लांबीचीच असतात, आणि शेवटी, माणसाला नाव असतेच. ती यादी आजही संगणक क्षेत्रात वाचली जाते आणि आजही तशाच चुका होतात. फेसबुकने खऱ्या नावाचा आग्रह धरला, तेव्हा २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले ड्रॅग कलाकार रंगमंचावरच्या नावांची खाती बंद झाल्याने चिडून उठले. १ ऑक्टोबर २०१४ रोजी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला जाहीर माफी मागावी लागली. ब्रिटिश सरकारच्या साइट्ससाठी जी आचारपद्धती आहे, तिने यातून साधा मार्ग काढला आहे: शक्य तिथे नावासाठी एकच रकाना ठेवा आणि माणूस लिहील तसे नाव घ्या.

देवनागरीत नाव लिहायला गेले की आणखी एक गंमत नसलेली गोष्ट घडते. ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम बऱ्याच फॉर्ममध्ये असतो. युनिकोडच्या हिशेबात मात्र वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरे नाहीत, ती ‘चिन्हे’ आहेत. त्यामुळे ‘शिंदे’ असे लिहिले की फॉर्म लाल होतो आणि नावात अवैध खुणा आहेत असे सांगतो. ‘मगर’ मात्र बिनतक्रार जातो, कारण त्यात एकही मात्रा नाही. लांबीचेही तसेच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव संगणकाच्या मोजणीत १० खुणांचे आहे आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक खूण ३ बाइट घेते. म्हणजे ३० बाइट झाले. रकान्याची मर्यादा २५ बाइटची असेल तर ‘र’ आणि ‘व’ दोन्ही गळून पडतात आणि मागे लंगडा ‘ज्ञानेश्’ उरतो. प्रोग्रॅमरने आपल्या परीने काही चूक केलेली नसते. त्याने फॉर्म इंग्रजी नावे घालून तपासलेला असतो, इतकेच.

यापेक्षा चकवणारा प्रकार कऱ्हाडकर, गोऱ्हे, तऱ्हाळे अशा आडनावांचा. त्यातला तो आडवा झुपका असलेला ‘र’ संगणकात दोन पद्धतींनी साठवता येतो. एक पद्धत मराठीसाठी असलेल्या वेगळ्या ‘ऱ’ची, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. फॉर्म भरणाऱ्याने कितीही वेळा शुद्धलेखन तपासले तरी ‘नाव जुळत नाही’ हाच संदेश येत राहतो, आणि तो बिचारा आपल्याच आडनावाकडे पाहत बसतो. इलाज सोपा आहे. नावे जुळवण्याआधी दोन्ही रूपे एकसारखी करून घ्यायची. हे काम ज्याचे नाव आहे त्याचे नाही, साइट बांधणाऱ्याचे आहे.

रोमन लिपीत हेच दुखणे दुसऱ्या अंगाने येते. चौधरी, जोशी, गायकवाड यांच्या स्पेलिंगचे तीन-चार प्रकार सर्रास चालतात. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती किंवा पीएफ अडवण्यापेक्षा ‘हे नाव आणि ते नाव एकाच व्यक्तीचे आहे का?’ असे त्या व्यक्तीलाच विचारून ओटीपीने खात्री करणे अधिक माणुसकीचे आणि तितकेच सुरक्षित आहे.

जन्मतारखेचा रकाना त्या मानाने सरळ वाटतो. तरी मोबाइलवर कॅलेंडर उघडते ते आजच्या तारखेला, आणि १९६८ सालच्या महिलेला एकेक महिना मागे सरकवत बसावे लागते. वर सालावर बोट ठेवले की वर्षांची यादी उघडते हे तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून ब्रिटिश आचारपद्धती जन्मतारखेसाठी कॅलेंडर नको म्हणते. दिवस, महिना, साल अशा तीन मोकळ्या चौकटी द्या आणि टाइप करू द्या. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. शाळेत नाव घालताना नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई. त्या पिढीतल्या हजारो लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनचा आहे. त्यांना प्रोफाइलमध्ये खरी तारीख लिहावी की कागदावरची, हा प्रश्न खरोखर पडतो. आणि सरकारी साइट असेल तर उत्तर कागदावरची हेच असते. रकान्याशेजारी ‘आधारवर आहे तीच तारीख लिहा’ अशी एक ओळ असली तरी पुष्कळांचा हेलपाटा वाचतो.

मोबाइल नंबर बदलणे हा आज प्रोफाइलमधला सर्वांत धोक्याचा भाग आहे. नंबर बंद झाला म्हणून माणूस बदलायला जातो, तर साइट खात्रीसाठी ओटीपी पाठवते त्याच बंद नंबरवर. वाट तिथेच संपते. दरम्यान, बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला देऊ नये असा नियम आहे. त्यानंतर तो दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो आणि जुन्या खात्यांचे ओटीपीही त्याच्याकडे जाऊ शकतात. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवण्याची सोय, मग ती ईमेलची असो, आधारची असो की प्रत्यक्ष केंद्रावर जाण्याची, प्रत्येक साइटवर असायला हवी, आणि ती ‘मदत’ विभागाच्या तळाशी नव्हे, तर नंबर बदलण्याच्या पानावरच दिसायला हवी.

या सगळ्या चर्चेत एक माणूस नेहमी विसरला जातो. तो म्हणजे महा ई-सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत बसून दुसऱ्यांचे फॉर्म भरणारा ऑपरेटर. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी शिष्यवृत्तीचे, शेती योजनेचे, भरतीचे प्रोफाइल उघडतो तो हा. विद्यार्थ्याकडे ईमेल नसेल तर कॅफेचाच ईमेल टाकला जातो, पासवर्ड एका वहीत लिहिला जातो, कधी मोबाइल नंबरही दुकानाचाच पडतो. पुढच्या वर्षी तो विद्यार्थी दुसऱ्या गावी शिकायला जातो आणि त्याचे खाते मागे त्या वहीत राहते. प्रोफाइलच्या सोपेपणाचा विचार करणारे तज्ज्ञ गृहीत धरतात की खातेदार आणि पडद्यासमोर बसलेला माणूस एकच. आपल्याकडे ते बहुधा दोन असतात. ‘हा फॉर्म तुम्ही स्वतः भरत आहात की दुसऱ्यासाठी?’ एवढा एक प्रश्न सुरुवातीला विचारला आणि दुसऱ्यासाठी असेल तर ईमेल सक्तीचा न ठेवता खातेदाराच्याच नंबरवर खात्री करून घेतली, तर पुढची निम्मी दुरुस्ती टळेल.

फोटोचा प्रश्न वरवर पाहता सजावटीचा. ट्विटरने २०१० मध्ये नव्या सदस्यांना फोटोच्या जागी अंडे दिले. कल्पना गोड होती, पण लोकांनी ते बदललेच नाही, आणि पुढे बिनचेहऱ्याच्या शिवीगाळ करणाऱ्या खात्यांची खूण म्हणजे अंडे, असे झाले. ३१ मार्च २०१७ रोजी कंपनीने ते काढून साधी राखाडी मनुष्याकृती ठेवली. कारणांपैकी एक हे की अंडे आवडते म्हणून लोक तेच ठेवत होते. आयते मिळालेले चित्र फार छान असू नये, हा त्यातला धडा.

पण भारतातल्या बायकांनी फोटो न बदलण्याचे कारण आळस नव्हते. फेसबुकने इथल्या महिलांशी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांशी बोलून पाहिले, तेव्हा कळले की अनेकजणी फोटो चोरून त्याचा गैरवापर होईल या भीतीने चेहरा लावतच नाहीत. जून २०१७ मध्ये कंपनीने प्रोफाइल फोटोला संरक्षक कवच देण्याची सोय आणली, आणि ती पहिल्यांदा आणली भारतात. कवच लावले की फोटोभोवती निळी कड आणि ढाल दिसे, तो डाउनलोड करता येत नसे आणि अनोळखी व्यक्तीला त्यात कोणाला टॅग करता येत नसे. शिवाय बांधणी, कांथा अशा कापडी नक्षीवरून बेतलेले थर फोटोवर चढवता येत; तसा थर असलेला फोटो उचलला जाण्याची शक्यता ७५ टक्क्यांनी कमी असते, असे कंपनीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसले होते. फोटो बदलण्याचे बटण आधीही होते आणि सहज सापडतही होते. हवी होती ती निर्धास्ती.

गृहीतकांची किंमत किती असते, हे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लाभार्थी महिलेबरोबर तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी ओटीपी कुठून आणायचा? गावोगावी हा प्रश्न विचारला गेला. सरकारने पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, अशा महिलांसाठी वेगळी सोय केली आणि चुकलेली माहिती दुरुस्त करण्याची एक संधी दिली. चूक मान्य करून वाट काढली हे चांगलेच झाले. पण ‘एकच संधी’ ही अट नवख्या वापरणाऱ्याला धास्तावणारी होती. जो प्रश्न पहिल्यांदा नीट कळला नाही, तो दुसऱ्यांदा कळेलच असे नाही, आणि दुसऱ्यांदा चुकले तर दार बंद.

दुरुस्तीवर मर्यादा घालण्यामागे कारण असते, हे नाकारता येत नाही. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा, जन्मतारीख आणि लिंग एकेकदाच बदलता येते. ओळखीचा इतका मोठा आधार रोज बदलू दिला तर फसवणुकीला रान मोकळे होईल. मात्र जिथे अशी मर्यादा आहे तिथे बटण दाबण्याआधी, त्याच पडद्यावर, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत ते सांगितले गेले पाहिजे, आणि भरलेली सगळी माहिती एकदा नजरेखालून घालायला मिळाली पाहिजे.

चूक कधी दाखवावी, यावर वेब फॉर्मच्या रचनेचे अभ्यासक ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये केलेली चाचणी अजून उल्लेखिली जाते. संपूर्ण फॉर्म भरून झाल्यावर चुका दाखवण्याऐवजी रकाना भरून माणूस पुढे सरकला की तिथल्या तिथे बरोबर-चूक सांगितले. फॉर्म यशस्वीपणे भरण्याचे प्रमाण २२ टक्क्यांनी वाढले, चुका २२ टक्क्यांनी घटल्या आणि लागणारा वेळ ४२ टक्क्यांनी कमी झाला. चाचणीत माणसे फक्त २२ होती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी ज्याने पाच पडदे भरून शेवटी ‘अवैध माहिती’ एवढाच शेरा पाहिला आहे आणि मागे गेल्यावर सगळे रकाने पुन्हा कोरे झालेले पाहिले आहेत, त्याला हे पटवायला आकड्यांची गरज नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या जागतिक सुगम्यता निकषांच्या २.२ आवृत्तीत एक नवा नियम आहे: एकाच कामात एकदा दिलेली माहिती माणसाला पुन्हा टाइप करायला लावू नका. आपल्या किती सरकारी फॉर्ममध्ये कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगवेगळा लिहावा लागतो, हे आठवून पाहावे.

दृष्टिहीन आणि इतर अपंग व्यक्तींसाठी हा प्रश्न सोयीचा नाही, हक्काचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर तो निकाल होता. डिजिटल केवायसीत ‘डोळे मिटा-उघडा’ अशी आज्ञा येते. ज्यांच्या पापण्या जळाल्या आहेत किंवा ज्यांना पडदा दिसतच नाही त्यांनी ती पाळायची कशी? डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने २० निर्देश दिले. जिवंतपणाचा पुरावा म्हणून पापणी लववणे हा एकच मार्ग ठेवू नये, हा त्यातला एक.

कायद्याची बाजूही आता बदलते आहे. युरोपच्या माहिती संरक्षण नियमावलीच्या १६ व्या कलमाने मे २०१८ पासून तिथल्या लोकांना चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ च्या १२ व्या कलमात माहिती दुरुस्त करण्याचा, पूर्ण करण्याचा, अद्ययावत करण्याचा आणि खोडून टाकण्याचा हक्क आहे. त्याच कायद्याने नागरिकावर कर्तव्येही टाकली आहेत. दुरुस्ती मागताना पडताळता येईल अशी खरीच माहिती द्यायची, आणि कर्तव्यात कसूर झाली तर दंड १० हजार रुपयांपर्यंत. सामान्य माणसावर दंड ठेवायचा असेल, तर दुरुस्तीचे पान त्याला समजेल असे असणे ही साइट चालवणाऱ्याची आधीची जबाबदारी ठरते.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि नागरिकांच्या हक्कांसंबंधीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे मे २०२७. बँका, विद्यापीठे, दुकाने, सरकारी खाती, ज्यांच्याकडे कोणाचेही प्रोफाइल आहे अशा सगळ्यांनी तोवर आपल्या फॉर्मवरचे अनावश्यक रकाने काढावेत, आणि उरलेला फॉर्म एखाद्या ई-सेवा केंद्रात बसून, साध्या फोनवर, मराठी नाव टाकून स्वतः भरून पाहावा.